न लावलेला आवाज

१

कानाची तपासणी म्हणजे तशी साधी गोष्ट. माणसाला बंद केबिनमध्ये स्टुलावर बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात एक बटण द्यायचं आणि सांगायचं, आवाज आला की दाबा, कितीही बारीक असला तरी दाबा. काचेच्या पलीकडे तंत्रज्ञ बसते. तिचं मशीन आवाज लावतं. माणसाने बटण दाबलं, की पुढचा आवाज त्याहून हळू. नाही दाबलं, की त्याहून मोठा. असं वर-खाली करत करत त्या माणसाचं ऐकणं नेमकं कुठे संपतं ती जागा शोधायची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दवाखान्यात हेच चालायचं.

केबिन दोन होत्या, शेजारी शेजारी, आतून करड्या फोमने मढवलेल्या. दार लावून घेतलं की आपल्याच गळ्यातली नाडी ऐकू यायची. दोन्हींच्या काचा एकाच टेबलाकडे उघडत, आणि त्या टेबलापाशी बसून एकच तंत्रज्ञ दोघांकडे लक्ष ठेवायची.

दवाखान्याचा डॉक्टर म्हणजे चिंगीचा मावसभाऊ, तिचा दादा. चिंगी हे तिचं घरातलं नाव. वय पन्नाशीला टेकलं होतं, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवता शिकवता केस पिकले होते, पण दादाच्या तोंडी ती अजून चिंगीच. त्याने फोन करून तिला बोलावलं, चहा मागवला आणि टेबलावरची स्क्रीन तिच्याकडे वळवली.

"हे लाल ठिपके बघ. आवाज लावलेला नसताना पेशंटने बटण दाबलं की मशीन लाल ठिपका टाकतं. थोडे पडतातच. माणूस अधीर असतो, उगाच दाबतो. पण हे बघ, सकाळी तुरळक आणि दुपारी नुसती गोवराची पुरळ. सकाळी एक मुलगी असते कामाला आणि दुपारी आमच्या ताई. ताई आल्या की ठिपके आले. आता याहून काय पुरावा हवा?"

"पुरावा कशाचा?"

"त्या नीट सांगत नाहीत पेशंटला. किंवा काचेतून खाणाखुणा करत असतील. मशीन चुकीचे निकाल देतंय चिंगे, आणि लोक चुकीची यंत्रं कानात घालून घरी जातायत. मला त्यांना काढावं लागणार. वाईट वाटतं, पण इलाज नाही."

चिंगीने चहा बाजूला ठेवला. तिला आतून एकदम तरतरी आली. कुणी बेधडक असं दोन आणि दोन जोडायला लागलं की तिला ती यायचीच.

"दादा, माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्यांना मार्क जास्त पडतात. म्हणून मी मागच्या बाकावरच्यांना मानगुटीला धरून पुढे बसवलं, तर ते हुशार होतील का?"

"नाही होणार."

"मग? दोन गोष्टी हातात हात घालून चालतात, एवढंच तुला दिसलंय. कोण कुणाला ओढतंय ते दिसलेलं नाही. कदाचित कुणीच कुणाला ओढत नसेल, तिसराच कुणी दोघांना धरून चालला असेल. मला थोडे दिवस दे. तोवर ताईंना काही बोलू नकोस."

२

ताई साठीच्या आसपासच्या, बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या. सकाळी घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं आवरून मग कामावर यायच्या, म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं दुपारच मागून घेतली होती. आपल्यावर बालंट आलंय हे त्यांच्या कानावर गेलं होतं. चिंगी शेजारी खुर्ची ओढून बसली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "मॅडम, तुम्ही मला काढायला आलात की ठेवायला?"

"कोण कुणाला ओढतंय ते बघायला," चिंगी म्हणाली.

तिने केलं ते अगदी सोपं होतं. दोघींच्या वेळा बदलल्या. सासूपाशी शेजारीण बसली, ताई सकाळी आल्या, सकाळची मुलगी दुपारी. आठवडा संपायच्या आतच चित्र स्पष्ट झालं. ठिपके ताईंच्या मागे सकाळी आलेच नाहीत. ते दुपारीच राहिले आणि त्या बिचाऱ्या मुलीच्या पदरात पडले.

चिंगी जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढत दादाच्या खोलीत गेली. "ताईंचा काही संबंध नाही. ताई दुपारी असतात आणि ठिपकेही दुपारी असतात, इतकंच. तू दुपारचा गुन्हा ताईंच्या माथी मारत होतास."

दादाने लगेच ताईंना बोलावून घेतलं आणि चारचौघांत माफी मागितली. ताईंनी पदराने चष्मा पुसला आणि त्या पुन्हा आपल्या दुपारच्या जागी, टेबलापाशी जाऊन बसल्या. गोष्ट खरं तर इथेच संपायला हवी होती. चिंगीने पर्स उचललीही होती. जाता जाता सहज, झालेल्या कामाकडे एकदा डोळे भरून पाहावं म्हणून, तिने दोन्ही केबिनचे ठिपके एकाखाली एक लावून पाहिले.

ठिपक्याखाली ठिपका येत होता. डाव्या केबिनमधला माणूस ज्या क्षणी उगाच बटण दाबत होता, त्याच क्षणी उजव्या केबिनमधला दाबत होता. रोज वेगळी माणसं येत होती, मध्ये ती जाड भिंत होती, तरीही.

तिने पर्स खाली ठेवली. तिच्या मानेवरचे केस उभे राहिले. तिला ते आनंदाने झालं असं वाटलं, आणि ते खरंही होतं.

३

पुढचे दिवस चिंगी कॉलेजातून थेट दवाखान्यात यायला लागली. भूक लागत नव्हती, बोलताना हात हलायचे, विद्यार्थी आपसात म्हणायचे की बाईंना लॉटरी लागलेली दिसते.

आधी तिने वायरीवर संशय घेतला. एका केबिनमधलं बटण दुसरीत झिरपत असेल. इलेक्ट्रिशियनने सगळं उचकटून पाहिलं, एका केबिनची जोडणीच तोडून टाकली. मग ताई एका काचेपाशी आणि चिंगी दुसऱ्या काचेपाशी बसून पेशंटचे नुसते अंगठे बघू लागल्या. तुटलेल्या जोडणीवरचा अंगठाही त्याच वेळी दबत होता. मग इमारतीतला पाण्याचा पंप बंद ठेवून पाहिला. लिफ्ट थांबवली. गल्लीतल्या गिरणीवाल्याला हातापाया पडून दुपारभर गिरणी बंद ठेवायला लावली. एकेक कारण असं दाराबाहेर काढलं, आणि दर वेळी वाटायचं की आता आत कुणी उरलं नसणार. अंगठे दबतच होते.

पेशंटना विचारलं तर ते गोंधळायचे.

"आवाज आला म्हणून दाबलं," एक शिंपीण म्हणाली. "तुम्हीच लावला ना?"

"कसा होता?"

"आधीच्यांसारखाच. जरा लांबचा." थोडं थांबून ती म्हणाली, "नाही, लांबचा नव्हे. हळू होता, पण जवळचा."

त्याच आठवड्यात बॉयलरवाले काका आले. आयुष्यभर बॉयलरच्या कारखान्यात हातोडे ऐकून त्यांचे दोन्ही कान कधीच गेले होते. तपासणी केवळ सरकारी दाखल्यासाठी होती. त्यांच्याशी सगळं हातवाऱ्यांनी चालायचं. मशीनने आवाज मोठा करत करत अगदी टोकाला नेला, पण त्यांचा अंगठा हलला नाही. ते काचेतून चिंगीकडे बघून ओशाळं हसले.

मग मशीन गप्प झालं. शेजारच्या केबिनमधल्या बाईंचा अंगठा दबला. आणि त्याच क्षणी काकांचा.

काकांचा चेहरा एकदम उजळला. ते बटणाकडे बघत राहिले. पुन्हा दाबलं. पुन्हा. बाहेर आल्यावर ते घोगऱ्या, सपाट आवाजात, गरजेपेक्षा फार मोठ्याने म्हणाले, "ऐकू आलं. मला ऐकू आलं. मी उद्या येऊ?"

ताईंनी चिंगीकडे पाहिलं. "मॅडम, मी इथे इतकी वर्षं बसते. मला कधी काही ऐकू आलं नाही."

"मलाही नाही," चिंगी म्हणाली. "आपण बाहेर बसतो."

४

"तू एवढी खूश का आहेस, ते आधी मला सांग," जेवताना नवरा म्हणाला. तो विम्याच्या दाव्यांची छाननी करायचा. कुणाचं काही सहज खरं मानणं त्याच्या रक्तात नव्हतं.

"कारण ताई सुटल्या."

"त्या सुटून झाले की बरेच दिवस."

चिंगीने घास हातातच धरला. "अरे, असं बघ. डावा उजव्याला सांगत नाही. उजवा डाव्याला सांगत नाही. दोघं एकदमच दाबतात. म्हणजे दोघांना एकाच ठिकाणाहून काहीतरी येतंय."

"बहिऱ्या माणसालाही?"

"तीच तर गंमत आहे."

"ही गंमत आहे?" त्याने पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला. "कंप असेल. जमिनीतून येत असेल. बहिऱ्या माणसाला कंप कळतो, तळपायातून."

"स्टूल रबरावर ठेवून पाहिलं."

"मग योगायोग."

"इतके?"

त्याने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "समजा, सापडलं तुला ते तिसरं. मग काय करणार?"

चिंगीकडे याचं उत्तर तयार होतं, कारण तेच ती दर वर्षी फळ्यावर लिहायची. नुसतं बघत बसून कारण कळत नाही. हात घालावा लागतो. एक गोष्ट आपण होऊन बदलायची आणि दुसरी हलते का ते बघायचं. "मी स्वतः आत बसणार," ती म्हणाली. "आवाज आला की दाबणार नाही."

नवऱ्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू एखादा दावा त्याला मंजूर करायचा नव्हता आणि नाकारायला कारणही सापडत नव्हतं.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन पूर्ण बंद करून चिंगी डाव्या केबिनमध्ये बसली. उजवी रिकामी ठेवली होती. काचेपलीकडे ताई, त्यांच्यामागे बाकावर बॉयलरवाले काका, पुन्हा नंबर लागेल या आशेने येऊन बसलेले. ताईंनी दार लावलं. बाहेरचं जग पुसल्यासारखं झालं. फोमचा जुनाट वास, हेडफोनची कानांभोवतीची ऊब, आणि आपल्याच पोटातले आवाज. आपण हे काय पोरखेळ करतोय, असं तिच्या मनात आलं. ती हसलीसुद्धा.

तेवढ्यात तो आला.

पाण्याने ओलं केलेलं बोट भांड्याच्या काठावरून गोल फिरवावं तसा. बारीक, स्वच्छ. आणि त्याला सुरुवात नव्हती. ऐकू आल्यावर वाटलं, हा तर मघापासून ऐकू येतोय.

पहिल्यांदा तिने दाबलं. राहवलंच नाही. आवाज थांबला, आणि थोड्या वेळाने पुन्हा आला तो अधिक हळू. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा हळू. तिसऱ्या खेपेला तिच्या लक्षात आलं आणि अंगभर शहारा गेला. ही पद्धत तिच्या ओळखीची होती. दवाखान्यात दिवसभर हेच तर चालायचं. दाबलं की हळू.

मग तिने अंगठा बटणावरून उचलला. हात मांडीवर उताणा ठेवला आणि वाट पाहिली.

आवाज आला. ती हलली नाही. तो थांबला. पुन्हा आला, थोडा मोठा. ती हलली नाही. तिचं हृदय इतक्या जोरात उडत होतं की जणू वर्गात पहिल्यांदाच उभं राहून बरोबर उत्तर देतेय. आणखी मोठा. बोटाखालचं भांडं आता घागरीएवढं झालं होतं. आणखी मोठा. दातांना कळू लागला. मग तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवले, आणि काही म्हणता काही फरक पडला नाही.

काचेपलीकडे ताई शांतपणे तिच्याकडे बघत होत्या. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांच्यामागे बाकावर बॉयलरवाले काका कमरेत वाकले होते. त्यांनी दोन्ही हात कानांवर गच्च दाबून धरले होते आणि त्यांचं तोंड उघडं होतं.

चिंगीने बटणाकडे हात न्यायला हवा होता. तो हलला नाही. तो भीतीने हलला नाही की अजून थोडं बघू या हावेने, हे तिला नंतरही धड सांगता आलं नाही. ताईंनी मागे वळून काकांना पाहिलं, उठल्या, दार उघडून आत आल्या, आणि चिंगीच्या मांडीवरचं बटण ओढून दाबलं.

आवाज गेला.

ताई तिच्या दंडाला धरून तिला उठवत होत्या. उठता उठता चिंगीने मागे पाहिलं. स्टुलाच्या मागच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, फोममध्ये एक खळगा पडला होता. कुणीतरी बराच वेळ रेलून मग उठावं तसा. तो हळूहळू भरून येत होता.

६

काकांना पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला, रिक्षात बसवून दिलं. जाताना त्यांनी कुणाकडेच पाहिलं नाही. दादाने ऐकलं ते एवढंच, की एका पेशंटला केबिनपाशी चक्कर आली. तो म्हणाला, काही दिवस दोन्ही केबिन बंद ठेवू.

"बंद नको," चिंगी म्हणाली. "दुपारी मला बसू दे. फक्त मला."

टेबलापाशी दोघीच उरल्यावर ताईंनी विचारलं, "पुन्हा तेच करणार तुम्ही?"

"ताई, एकदा घडलं यावरून काही सिद्ध होत नाही. मी दाबलं नाही आणि तो वाढला. तुम्ही दाबलं आणि तो थांबला. तो तसाही थांबणार असेल. पुन्हा करून बघितल्याशिवाय—"

"बाहेर माणसं बसलेली असतात, मॅडम."

ताईंचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. चिंगीला काकांचं उघडं तोंड आठवलं आणि तिने मान खाली घातली. आपण इतके दिवस ज्या आनंदात तरंगतोय, त्याची किंमत मघाशी बाकावर बसलेल्या माणसाने मोजली, हे तिला कळलं. पण आनंद ओसरला नाही. ते तिला जास्त खटकलं.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "दुसऱ्या बाजूनेही हात घालता येतो. प्रत्येक वेळी दाबायचं. चुकायचं नाही. आपल्या दाबण्यानेच तो हळू होत असेल, तर होत होत एक दिवस संपेल."

"आणि नसेल तर?"

"तर निदान कुणाला त्रास तरी नाही होणार."

मग रोज दुपारी चिंगी हेडफोन चढवून आत बसू लागली आणि ताई काचेपलीकडे. आवाज यायचा, ती दाबायची. रोज तो आदल्या दिवसापेक्षा बारीक. फोमवर पुन्हा काही दिसलं नाही, म्हणजे तिने पुन्हा मागे पाहिलं नाही. दुपारचे पेशंट आता सकाळीच उरकले जात, आणि सगळ्यांचे निकाल चोख येऊ लागले. दादा खूश होता. घरी नवऱ्याने विचारणं सोडलं होतं, पण ती बोलता बोलता थबकली की तोही थबकायचा.

आवाज आता केसाएवढा उरला होता. तो पकडायला ती श्वास रोखून धरायची, डोळे मिटून घ्यायची, आणि तो सापडला की लहान पोरीसारखी मनातल्या मनात उडी मारायची. आपलं म्हणणं खरं ठरतंय. हात घातला आणि दुसरं टोक हललं. आयुष्यभर जे नुसतं फळ्यावर लिहिलं, ते या एवढ्याशा केबिनमध्ये तिच्या अंगठ्याखाली घडत होतं.

शेवटच्या दुपारी तो आला की नाही हेच कळेना. आला असं वाटलं. तिने दाबलं. मग पुष्कळ वेळ बसून राहिली. काही नाही. ओलं बोट नाही, भांडं नाही. फक्त गळ्यातली नाडी. तिचं ऐकणं जिथे संपत होतं, ती जागा सापडली होती.

चिंगीने डोळे उघडले. काचेतून ताईंना अंगठा वर करून दाखवला. संपलं. ताई हसल्या. सुटल्यासारखं, मनापासून. त्यांना असं हसताना चिंगीने याआधी पाहिलं नव्हतं.

मग ताईंचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि नजर तेवढी हलली. ती चिंगीवरून उठून थोडी वर गेली, तिच्या डोक्याच्या वर, मागे. ताई खुर्चीतून हळूहळू उभ्या राहिल्या. त्यांनी दोन्ही तळहात काचेला टेकवले. बोटं पसरलेली, एकेक मोजता येईल अशी.

दार लावलेलंच होतं. चिंगीचं हृदय उडत होतं, आणि त्यात अजूनही, तिला शरम वाटावी इतका, आनंद होता.

मागून कुणीतरी तिच्या कानांवरचे हेडफोन उचलले. घाई न करता, रोजच्या कामाच्या सवयीने. केस अडकू नयेत म्हणून आधी डावा कान, मग उजवा.